दयाळू माणसांनी बांधलेला तुरुंग

फिलाडेल्फिया शहरात ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी नावाचा जुना तुरुंग आहे. त्यातले कैदी हलवून बरीच वर्षं झाली, आता तिकीट काढून आत जाता येतं. बाहेरून तो किल्लाच वाटतो. आत मधोमध गोल चौक, त्याच्यापासून चहूबाजूंना निघालेल्या लांबलचक इमारती आणि प्रत्येक इमारतीत दोन्ही हातांना कोठड्या. कोठडीच्या कमानदार छताला एक झरोका, म्हणजे उजेड येणार तो फक्त वरून. मागे उंच भिंतींचं इवलंसं अंगण. कैद्याला कोठडीबाहेर काढायची वेळ आलीच तर डोक्यावरून बुरखा घालायचा. त्याला कोणी दिसू नये आणि तोही कोणाला दिसू नये. बोलणं बंद, गाणं बंद. वाचायला बायबल, करायला विणकाम नाहीतर जोडे शिवणं. 1829 च्या ऑक्टोबरात इथे पहिला कैदी आला. चार्ल्स विल्यम्स, वय 18, काळा, धंदा शेतीचा. घरफोडी करून 20 डॉलरचं घड्याळ आणि थोडं किरकोळ सोनं पळवलं होतं. शिक्षा दोन वर्षं, पूर्ण एकांतात.

ही कल्पना कोणा क्रूर जेलरच्या डोक्यातून निघालेली नव्हती. त्याआधी शिक्षा म्हणजे भर चौकात फटके, डाग देणं किंवा फाशी. तुरुंग होते ते खटला चालेपर्यंत माणूस डांबून ठेवायला. तिथे पुरुष, बायका, पोरं आणि कर्जबुडवे एकाच खोलीत सडत. 1787 मध्ये फिलाडेल्फियातल्या सज्जनांनी कैद्यांचे हाल कमी करण्यासाठी एक मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष होते एपिस्कोपल चर्चचे बिशप विल्यम व्हाइट आणि सभासदांत क्वेकर पंथाचे लोक पुष्कळ. क्वेकरांची उपासना मौनात चालते, प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश आहे ही त्यांची श्रद्धा. गुन्हेगारालाही शांतता द्या, एकटं सोडा, त्याची सदसद्विवेकबुद्धी आपोआप जागी होईल, असा हिशोब होता. मंडळींच्या खटपटीने 1790 मध्ये शहरातल्या वॉलनट स्ट्रीट जेलात एकांताच्या 16 कोठड्या झाल्या आणि चार दशकांनी हा प्रचंड तुरुंग. 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स तो बघून गेला. मनावर होणारा हा छळ शरीराच्या छळापेक्षा वाईट आहे असं त्याने लिहिलं. माणसं पश्चात्ताप करण्याऐवजी भ्रमिष्ट होत होती. तरीही एकांताची पद्धत तिथे अधिकृतपणे संपायला 1913 उजाडलं, आणि अमेरिकेतल्या इतर तुरुंगांत एकांतकोठडी आजही आहे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

अमेरिकेच्या घाऊक तुरुंगवासाबद्दल बोलताना राजकारण्यांना धारेवर धरणं सोपं असतं, आणि ते योग्यही आहे. पण त्या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर एखादं चर्च, एखादा पाद्री, एखादी धर्मादाय संस्था उभी दिसते. कधी दार अडवायला, कधी दार लावायला. आज धार्मिक समाजांनी काय करावं हे विचारण्याआधी त्यांनी काय केलं हे पाहिलेलं बरं.

दक्षिणेची कथा वेगळी आहे. 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल अशी फट ठेवली. दक्षिणी राज्यांनी ती फट रुंद केली. बेकार फिरताना सापडला की गुन्हा, दंड भरता आला नाही की कैद, आणि मग त्या कैद्याला खाणमालकाला, रेल्वेच्या ठेकेदाराला भाड्याने द्यायचं. सरकारी तिजोरीत पैसे येत होते, म्हणून कैद्यांचा पुरवठा आटू दिला जात नव्हता. ही भाड्याची पद्धत सर्वांत शेवटी अलाबामाने बंद केली, 1928 मध्ये.

असं असूनही विसाव्या शतकाचा बराच काळ अमेरिकेच्या तुरुंगांत दर लाख लोकसंख्येमागे शंभराच्या आसपासच कैदी असायचे. 1973 साली दोन अभ्यासकांनी तर हे प्रमाण समाजात स्थिरच राहतं असा सिद्धांत मांडला. मुहूर्त इतका वाईट क्वचितच कोणी साधला असेल. त्या सुमारास राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाख माणसं होती. 2008 च्या आसपास स्थानिक जेलांसकट आकडा 23 लाखांवर गेला, म्हणजे शंभर प्रौढांमागे एक. त्यानंतर तो थोडा उतरला. आता तो एकोणीस लाखांच्या आसपास आहे. काळ्या लोकांचं लोकसंख्येतलं प्रमाण 13 ते 14 टक्के, पण तुरुंगात ते साधारण एक तृतीयांश.

मधल्या पस्तीस वर्षांत काय घडलं? आधी हे कबूल करायला हवं की गुन्हे खरोखरच वाढले होते. साठच्या दशकापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत खून आणि लुटालूट चढत गेली आणि लोक घाबरले. त्या भीतीला जे उत्तर मिळालं ते कायद्याचं. 1973 मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी कायदा केला: दोन औंस, म्हणजे 57 ग्रॅमच्या आसपास हेरॉइन विकलं की किमान 15 वर्षं, कमाल जन्मठेप. 1986 मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठरवलं की पाच ग्रॅम क्रॅक, म्हणजे खड्यांच्या रूपातलं कोकेन, आणि 500 ग्रॅम पावडर कोकेन यांना सारखीच, किमान पाच वर्षांची शिक्षा. माल एकच, क्रॅक काळ्या वस्त्यांत स्वस्तात मिळायचा आणि पावडर पैसेवाल्यांच्या पार्ट्यांत. 1994 मध्ये कॅलिफोर्नियाने तिसऱ्या गुन्ह्याला 25 वर्षं ते जन्मठेप असा नियम केला. त्याखाली गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्याला ती शिक्षा झाली आणि 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्याच 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने राज्यांना तुरुंग बांधायला अब्जावधी डॉलर देऊ केले आणि कैद्यांना कॉलेजशिक्षणासाठी मिळणारी सरकारी मदत काढून घेतली.

या काळात चर्च कुठे होतं? न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले काही काळे पाद्री कडक कायद्याची मागणी करणाऱ्यांत पुढे होते. ओबेरिया डेम्प्सी नावाचे पाद्री तर अमली पदार्थ विकणाऱ्यांशी दोन हात करायची वेळ येईल म्हणून पिस्तूल बाळगून फिरत. त्यांना दोष देणं मला जमत नाही. त्यांच्या दारात रोज पोरं मरत होती. जेम्स फोरमन धाकटे या कायद्याच्या प्राध्यापकाने दाखवून दिलंय की काळ्या पुढाऱ्यांनी शाळा, नोकऱ्या, घरं आणि पोलीस असं सगळंच मागितलं होतं. मिळाले ते फक्त पोलीस.

क्वेकरांनी मात्र पूर्वजांची चूक ओळखली होती. त्यांच्या सेवासंस्थेने 1971 मध्ये ‘स्ट्रगल फॉर जस्टिस’ हा अहवाल काढला. तेव्हा कैदी कधी सुटणार हे पॅरोल बोर्ड ठरवत असे. माणूस ‘सुधारला’ असं त्यांना वाटेपर्यंत तो आत. त्यात मर्जी आणि वर्णद्वेष दोन्हींना वाव. म्हणून अहवालाने सुचवलं की शिक्षा ठरावीक असाव्यात आणि छोट्या असाव्यात. कायदेमंडळांनी पहिला शब्द उचलला, दुसरा सोडला. ठरावीक शिक्षा आल्या, आणि पुढे निवडणुकीगणिक त्यांची लांबी वाढत गेली. दयाळू माणसांचा हा दुसरा उपायही असा यंत्राच्या पोटात गेला. धर्मसमाजांनी यातून घ्यायचं ते एवढंच: भिंतीच्या आतली व्यवस्था सुधारून देण्यात त्यांची शक्ती खर्च झाली की ती व्यवस्था ती शक्ती पचवते आणि वाढते. जास्त उपयोग होतो तो आत जाण्याच्या दारावर आणि बाहेर येण्याच्या दारावर.

तर आधी आत जाण्याचं दार कसं चालतं ते पाहू. अमेरिकेत पकडलेला माणूस सहसा काउंटीच्या जेलात जातो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा किंवा तालुका. तिथे न्यायाधीश जामिनाची रक्कम सांगतो, समजा 10,000 डॉलर. घरात एवढी रोकड असेल तर भरा, खटला संपल्यावर परत मिळते. नसेल तर जेलासमोर रात्रंदिवस पाटी पेटलेल्या दुकानात जा. तिथला जामिनाचा धंदेवाईक साधारण दहा टक्के, म्हणजे 1,000 डॉलर घेतो आणि तुमच्या वतीने हमी देतो. हे 1,000 गेले ते गेले. तुम्ही निर्दोष सुटलात तरी परत नाहीत. हा धंदा अमेरिका आणि फिलिपीन्स सोडून जगात जवळजवळ कुठेच चालत नाही. आणि 1,000 डॉलरही नसतील तर? मग आतच बसा. काउंटीच्या जेलांतली दोन तृतीयांशांहून जास्त माणसं अशी, गुन्हा शाबीत न झालेली असतात. (आपल्याकडे 2022 च्या सरकारी आकडेवारीत तुरुंगांतले तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी होते, तेव्हा अमेरिकेकडे बोट दाखवताना जरा बेतानं.)

2010 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या कॅलीफ ब्राउडर या 16 वर्षांच्या मुलाला बॅग चोरल्याच्या आरोपावरून पकडलं. जामीन 3,000 डॉलर. घरच्यांना जमला नाही. तो रायकर्स बेटावरच्या जेलात तीन वर्षं राहिला, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. खटला चाललाच नाही. 2013 मध्ये आरोप मागे घेतले गेले. घरी परतल्यावर दोन वर्षांनी त्याने आत्महत्या केली. या मुलाची गोष्ट पुढे देशभर गाजली, ती एका कारणासाठी नीट लक्षात ठेवावी: त्याला अनेकदा सांगितलं गेलं होतं की गुन्हा कबूल कर आणि घरी जा. त्याने नाही म्हटलं.

बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. हाच यंत्राचा दुसरा दाता आहे. सरकारी वकील समोर दोन आकडे ठेवतो. आज कबुली दिलीस तर दोन वर्षं. खटला लढवून हरलास तर वीस. किमान शिक्षांच्या कायद्यांनी हा दुसरा आकडा त्याच्या हातात दिलेला असतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे तिथे अक्षरशः खरं आहे. सर्वोच्च न्यायालयानेच 2012 मध्ये नोंदवलं की केंद्रीय न्यायालयांतल्या 97 टक्के आणि राज्यांतल्या 94 टक्के शिक्षा अशा कबुलीतून झालेल्या असतात. सिनेमात दिसणारे ज्युरीचे खटले हा अपवाद. जेलात बसलेला माणूस नोकरी, भाड्याचं घर, कधी मुलांचा ताबाही गमावत असतो, त्यामुळे तो लवकर सही करतो. म्हणजे जामिनाची अडवणूक शेवटी कबुलीतच जाऊन मिळते.

या दारावर धर्मसमाजांना करता येण्यासारखं काम अगदी साधं आणि कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते कमी होतं. जामीननिधी उभा करायचा. आरोपी तारखांना हजर राहिला तर खटला संपताच पैसे परत येतात, त्यामुळे तेच पैसे फिरून फिरून वापरता येतात. आपल्या भिशीची सवय असलेल्याला हे लगेच कळेल. हजर राहण्यासाठी लागतं काय? आदल्या दिवशी फोनवर आठवण, कोर्टापर्यंत गाडी, तान्हं मूल तासभर सांभाळणारं कोणी. रविवारी शंभर माणसं जमणाऱ्या चर्चला हे जड नाही. पण निधी कितीही मोठा केला तरी पुरणार नाही, हे काही मंडळींच्या लक्षात आलं आणि ती कायद्यामागे लागली. शिकागोतली कम्युनिटी रिन्यूअल सोसायटी ही 1882 पासूनची, चर्चशी जोडलेली संस्था. इलिनॉयमधला रोख जामीन बंद करण्याच्या लढ्यात ती होती. 18 सप्टेंबर 2023 पासून तिथे रोख जामीन पूर्ण बंद झाला. आता न्यायाधीश माणूस धोकादायक किंवा पळून जाणारा आहे का, एवढंच पाहतो. खिशाकडे बघत नाही.

न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनच्या आसपास जिथे मराठी घरं दाट आहेत त्या राज्यात, हे आधीच झालं होतं. 2013 च्या एका अभ्यासात दिसलं की तिथल्या जेलांतली 12 टक्के माणसं केवळ 2,500 डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम भरता येत नाही म्हणून आत होती. 2014 मध्ये मतदारांनी राज्यघटना बदलली, जानेवारी 2017 पासून रोख जामीन जवळपास संपला आणि काही वर्षांत खटल्याआधीच्या कैद्यांची संख्या चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. तिथल्या कितीतरी मराठी मंडळींना हे आपल्याच राज्यात घडलं हे ठाऊक नसेल.

आतलं काम टाकून द्यावं असं मी म्हणत नाही. पण ते डोळे उघडे ठेवून करावं. लुइझियानात अँगोला हा 18,000 एकरांचा तुरुंग आहे. पूर्वीचा गुलामांचा मळा, आजही कैदी शेतात राबतात. 1994 मध्ये शिक्षणाची सरकारी मदत गेल्यावर वॉर्डन बर्ल केन यांनी न्यू ऑर्लिन्सच्या बॅप्टिस्ट धर्मविद्यालयाला बोलावलं आणि 1995 पासून आत पदवीचे वर्ग सुरू झाले. जन्मठेपेचे कैदी पाद्री झाले, मरणाऱ्या कैद्यांची सेवा करू लागले. चांगलं काम, यात वाद नाही. पण ज्याला शिकायचं आहे त्याला धर्मशास्त्रच शिकावं लागलं. आयोवात सरकारी पैशाने चालणारा असाच एक ख्रिस्ती कार्यक्रम 2006 मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, कारण त्यात चांगल्या सोयी मिळवण्याचा रस्ता एका श्रद्धेतून जात होता. उलट 1964 मध्ये एका मुस्लिम कैद्याने धर्मग्रंथ आणि नियतकालिकं मिळावीत म्हणून दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला, आणि त्या निकालाने सगळ्याच धर्मांच्या कैद्यांना कोर्टाचं दार उघडलं. कैद्याच्या हक्काची बाजू घेणं आणि कैद्याच्या गरजेचा फायदा घेणं, यांत फरक आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. सगळं खापर खासगी तुरुंग कंपन्यांवर फोडायची फॅशन आहे, पण तिथे जेमतेम आठ टक्के कैदी असतात. आणि अमली पदार्थांचे किरकोळ गुन्हेगार सोडले की तुरुंग रिकामे होतील, हेही खरं नाही. राज्यांच्या तुरुंगांतले अर्ध्याहून जास्त कैदी हिंसक गुन्ह्यांसाठी आत आहेत. म्हणजे ज्याने कोणाचं तरी वाईट केलंय त्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न टाळता येत नाही. धर्मसमाजांना सांगण्यासारखं काही असेल तर ते इथेच, आणि त्यातलं सर्वांत चांगलं उदाहरण सीमेपलीकडे, कॅनडात सापडतं.

1974 मध्ये ओंटारिओतल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्री 22 ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या. मार्क यांत्झी हा मेनोनाइट पंथाचा परिविक्षा अधिकारी. त्याने न्यायाधीशांना सुचवलं की या पोरांना घरोघर पाठवू. कायद्यात असं काही नव्हतं, तरी न्यायाधीश तयार झाले. पोरं एकेका दारात उभी राहिली, ‘आम्हीच ते’ म्हणाली, आणि नुकसान किती झालं ते ऐकून घेतलं. यांत्झी आणि त्याचा सहकारी मागे वही घेऊन उभे. काही महिन्यांनी पोरं त्याच दारांवर भरपाईचे चेक घेऊन गेली. गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर बसवण्याच्या ज्या चळवळीला आज जगभर मान आहे, तिची एक मोठी मुळी या बावीस दारांपाशी आहे.

त्याच प्रांतात, हॅमिल्टनला 1994 मध्ये मुलांवर लैंगिक अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. शहर खवळलं, पोलीस पाळतीवर. हॅरी नाय या मेनोनाइट पाद्र्याने आपल्या छोट्याशा मंडळीतले काही जण गोळा केले. ते त्याच्याबरोबर नियमित बसू लागले. खोली शोधणं, डॉक्टरकडे नेणं, आणि मनात काय चाललंय ते तोंडावर विचारणं, सगळं त्यांनी केलं. हे लाड नव्हते. पुन्हा कोणाचं मूल बळी पडू नये ही अट पहिली होती. तो माणूस पुढे वारला, तोपर्यंत त्याने पुन्हा गुन्हा केला नाही. चार-सहा स्वयंसेवकांची अशी मंडळं नंतर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही सुरू झाली आणि पुन्हा गुन्हा होण्याचं प्रमाण त्यांच्यामुळे घटतं असं अभ्यासांत दिसलं.

बाहेर येण्याच्या दारावर एवढी अडगळ असते की हे काम कधी संपत नाही. तुरुंगात गेलेल्यांपैकी सुमारे 95 टक्के कधी ना कधी सुटतात. सुटताना खिशात थोडे पैसे, पाठीवर रेकॉर्ड. नोकरीच्या अर्जावर गुन्ह्याचा रकाना, घरमालकाची तपासणी, कोर्टाच्या फीची थकबाकी. पॅरोलच्या अधिकाऱ्याची भेट चुकली की पुन्हा आत. लॉस एंजेलिसमध्ये जेझुइट फादर ग्रेगरी बॉइल यांनी 1988 मध्ये टोळ्यांतल्या पोरांसाठी सुरू केलेली होमबॉय इंडस्ट्रीज आज बेकरी चालवते, कॅफे चालवते, आणि गळ्यावरचे, कपाळावरचे टोळीचे टॅटू फुकट काढून देते. हे शेवटचं काम मला सर्वांत व्यवहारी वाटतं. भुवईवर टोळीचं नाव गोंदलेल्या माणसाला मुलाखतीत पाव भाजता येतो की नाही हे कोणी विचारतच नाही.

राहिली मतपेटी. अमेरिकेतल्या बहुतेक शिक्षा वॉशिंग्टनमध्ये ठरत नाहीत, काउंटीत ठरतात, आणि बहुतेक राज्यांत काउंटीचा मुख्य सरकारी वकील निवडून येतो. जेल चालवणारा शेरीफही. (न्यू जर्सीत वकील नेमला जातो, पण टेक्सास आणि कॅलिफोर्नियात निवडणूक होते.) मतपत्रिकेवर ही नावं इतकी खाली असतात की पुष्कळ जण तिथवर पोचत नाहीत, आणि कितीतरी जागी उमेदवार एकच असतो. करमाफी असलेल्या चर्चला, मशिदीला किंवा मंदिराला कोणा एकाचा प्रचार करायला 1954 च्या कायद्याने बंदी घातली. सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बसवून तेच प्रश्न विचारायला मात्र काहीच हरकत नाही. तुमच्या जेलात आज रात्री किती माणसं केवळ पैशांअभावी आहेत? पंधरा मिनिटांच्या फोनला कैद्याच्या आईकडून किती पैसे घेता, आणि त्यातला वाटा शेरीफच्या कार्यालयाला जातो का? कबुलीचा सौदा देण्याआधी आरोपीच्या वकिलाला पुरावे दाखवता का? किती अल्पवयीन मुलांवर प्रौढांसारखे खटले भरले? उत्तरं लिहून घ्यायची, आणि चार वर्षांनी तोच कागद पुन्हा टेबलावर ठेवायचा.